बिनलेबलचा ड्रम

बुधाजी आमच्या कंपनीत कुणालाच फारसे आवडत नसत. मला आवडायचे, पण त्याला फार अर्थ नाही. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे, आणि सेफ्टी ऑफिसरला आवडलेला माणूस बाकीच्यांनाही आवडला, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आमच्याकडे गोळ्या बनत नाहीत. गोळीत जे खरं औषध असतं ते बनतं, पावडरच्या रूपात. पांढरी, बिनवासाची, मैद्याहून बारीक. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ती निळ्या प्लास्टिकच्या, रुंद तोंडाच्या ड्रममधून जाते. आत दोन पातळ पिशव्या, वर झाकण, झाकणाला लोखंडी कडी. ड्रम रिकामा झाला की मागच्या यार्डात यायचा आणि यार्ड बुधाजींचं होतं. आतल्या पिशव्या काढून ते पिवळ्या पोत्यात बांधत. ती पोती तळोज्याला जाळायला जात. मग ओल्या फडक्याने ड्रम आतून पुसायचा, झाडायचा कधीच नाही, कारण झाडलं की पावडर उडते आणि उडालेली पावडर कुणाच्या छातीत जाईल ते सांगता येत नाही. मग धुवायचा, धुतलेलं पाणी वेगळ्या टाकीत. लेबल खरवडायचं. आणि सगळ्यात शेवटी ड्रिल घेऊन ड्रमच्या बुडाला तीन भोकं पाडायची. त्यानंतर तो भंगारात.

ही तीन भोकं लोकांना खुपत. आमच्या भागात पाणी रोज येईलच असं नाही, त्यामुळे उल्हासनगरच्या गॅलरीपासून बदलापूरच्या चौथ्या मजल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या घरी निळा ड्रम आहे. कडीचा, जाड प्लास्टिकचा, कंपनीतला ड्रम मिळाला तर सोन्याहून पिवळं. सुपरवायझरपासून वॉचमनपर्यंत सगळे बुधाजींकडे येऊन जायचे. कुणी गोड बोलून, कुणी चहा पाजून. एका मॅनेजरने तर गणपतीच्या मखराचं कारण सांगितलं होतं. बुधाजी प्रत्येकाचं ऐकून घेत आणि त्याच्या देखत भोकं पाडत.

"धुतल्यावर काय राहतं काका त्यात?" असं मीच त्यांना एकदा मुद्दाम विचारलं होतं, नव्या कामगारांना उत्तर ऐकवायला.

"काय रातं ते आपल्या डोल्याला दिसत नाय, मनून तर भोक," ते म्हणाले. "आन ज्या डरमाला लेबल नाय, त्याला विष समजायचा. रिकामा आसला तरी."

ते शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं माझ्या ट्रेनिंगमध्ये घेतलं. भिंतीवर लावलेल्या इंग्रजी पाट्या कुणी वाचत नाही. बुधाजींचं वाक्य पोरांना पाठ झालं.

ते एमआयडीसीच्या मागच्याच गावातले. आगरी. वडलांचं शेत एमआयडीसीत गेलं, त्या बदल्यात पुढे बुधाजींना नोकरी लागली. ओढ्याकाठचं एक खाचर उरलं होतं, त्यात ते अजून भात लावत. मुलगा दिपेश वांगणीला नवीन बिल्डिंगमध्ये राहतो. घरी बुधाजी आणि त्यांची बायको गोदूबाई, दोघंच. गेल्याच्या आदल्या डिसेंबरात त्यांच्या नोकरीला एकतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. एकतीस वर्षांत त्यांनी कंपनीतून एक खिळासुद्धा घरी नेला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते फारसा लपवतही नसत. माणूस जरा ताठच होता.

गोदूबाईंचे गुडघे गेले होते. घराला तीन पायऱ्या, त्या चढताना त्या एक हात भिंतीला आणि एक हात गुडघ्याला लावत. तांदळाचा पत्र्याचा डबा घराच्या कोपऱ्यात जमिनीवर होता. रोज सकाळी भात टाकायचा म्हणजे वाकायचं, आणि वाकलं की उठताना डोळ्यांत पाणी. त्याच डिसेंबरात नवा तांदूळ गिरणीतून आला तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत एवढं डरम. मना एक उंच डरम नाय मिलत?"

जन्मात पहिल्यांदा तिने काही मागितलं, असं बुधाजींनी मला नंतर सांगितलं. मला ते खरं वाटत नाही. बायका मागतात, नवऱ्यांना ऐकू येत नाही. पण हे त्यांना ऐकू आलं, एवढं खरं.

त्याच आठवड्यात चाळणी विभागात मोठी साफसफाई झाली आणि दोन ड्रम यार्डात परत आले. कोरे, एक ओरखडा नाही, आतली पिशवी सुद्धा नवी, आणि लेबल नाही. जास्तीचे मागवले होते, लागले नाहीत म्हणून परत आले, असं बुधाजींना वाटलं. यार्डात त्यांच्या हाताखाली बबन नावाचा कंत्राटी कामगार होता, तोही म्हणाला, "काका, एकदम नवाकोरा माल है." एक बुधाजींनी घेतला, एक बबनला दिला. चोरून नाही. रीतसर गेटपास करून माझ्याकडे आणला: नवीन रिकामे ड्रम, दोन नग. मी सही केली. दुसऱ्या कुणी आणला असता तर मी खाली यार्डात जाऊन पाहिलं असतं. बुधाजींनी आणलेला कागद कोण वाचतं?

घरी नेऊन त्यांनी ड्रम फडक्याने पुसला. पिशवी राहू दिली, दमट हवेत तांदळाला बरी म्हणून. पिशवीच्या तळाच्या घडीत थोडं पांढरं होतं. ते त्यांना दिसलं नाही, आणि ज्यांना दिसलं त्या गोदूबाई दरवर्षी नव्या तांदळाला एरंडेलाचा हात लावून बोरिक पावडर चोळतात, किडा लागू नये म्हणून. आमच्याकडे घरोघरी चोळतात, माझी आईही चोळते. गोदूबाईंनी बोरिक टाकलं, कोपरापर्यंत हात घालून तांदूळ खालीवर केला, आणि हाताला लागलेलं पांढरं ते सगळं बोरिकच, असं धरून झाकण लावलं. तेलाचा हात असला की पावडर दाण्याला चांगली धरते, तांदूळ धुतला तरी सगळी जात नाही. दिपेशचा वाटा तेवढा गिरणीतूनच थेट वांगणीला गेला होता. बुधाजींना साखर आहे, डॉक्टरांनी भात बंद केलेला, ते नाचणीची भाकरी खातात. म्हणजे त्या ड्रममधला भात, आणि सकाळची पेज, खाणारं एकच माणूस होतं.

फेब्रुवारीत गोदूबाईंचे गुडघे दुखायचे थांबले.

हे मी बुधाजींच्याच तोंडून ऐकलं, त्या वेळी, यार्डात. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गोदूबाई भिंत न धरता पायऱ्या चढत होत्या, ओढ्यावर जाऊन येत होत्या. भूक वाढली, तोंड भरलं, चेहरा गोल झाला. गावातल्या बाया म्हणाल्या, म्हातारपणी बाळसं आलंय. गोदूबाईंनी मागच्या वर्षी एकवीरा आईला बोलून ठेवलं होतं, पाय चालते झाले तर तुझ्या पायऱ्या काठीशिवाय चढेन. चैत्रातल्या यात्रेला त्या गावाबरोबर कार्ल्याला गेल्या आणि काठीशिवाय चढल्या. वर पोचून त्यांनी देवीसमोर ओटी ठेवली आणि खूप रडल्या. बुधाजींनी मला प्रसादाचा नारळ आणून दिला. मी खाल्ला.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी कामगारांना अर्धा तास शिकवते. मे महिन्यात विषय होता स्टेरॉइडची पावडर, आमच्याकडे ती बनते. गोळीत ती अर्धा मिलीग्राम असते, म्हणजे मिठाच्या चार-पाच कणांएवढी. हातमोजे न घालता, मास्क न लावता रोज थोडी थोडी अंगात गेली तर काय होतं ते मी पडद्यावर दाखवलं. गोल झालेला चेहरा. मानेमागे आलेला मांसाचा उंचवटा. बारीक होत गेलेले हातपाय. जरा लागलं की काळेनिळे पडणारे डाग.

बुधाजी नेहमी पहिल्या रांगेत बसत आणि कधीच काही विचारत नसत. त्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"मॅडम, यानी गुडगं दुखायचं थांबतं?"

"थांबतं ना. म्हणून तर भोंदू वैद्य पुड्यांमध्ये हेच मिसळतात. दुखणं जात नाही, फक्त कळत नाही. आतून हाडं पोकळ होतात, साखर वाढते."

पडद्याकडे पाहतच ते म्हणाले, "आन एकदम बंद केलं तर?"

"एकदम कधीच बंद करायचं नाही," मी माझ्या नेहमीच्या तयार आवाजात म्हणाले. "शरीर स्वतः पण हे थोडं थोडं बनवत असतं. बाहेरून माल यायला लागला की आतला कारखाना बंद पडतो. मग बाहेरचा अचानक तोडला तर माणूस कोसळतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावं लागतं."

"हां," ते म्हणाले. मला वाटलं, काका आज फार मन लावून ऐकतायत. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सोमवारी सकाळी आठ वाजता ते माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात सॅम्पलची छोटी पिशवी, तोंड बांधलेली, त्याच्यावर दुसरी पिशवी. वर लेबल, त्यांच्या गोल अक्षरात: नमुना, तांदूळ, घरचा. तारीख, वेळ, कुणी घेतला, कुठून घेतला. कुठून या रकान्यात लिहिलं होतं, बिनलेबलचा ड्रम, माझ्या घरी.

त्यांनी मला सगळं उभ्याउभ्या सांगितलं. मी ऐकत होते आणि मला गेटपास आठवत होता. दोन नग.

"शनिवारीच का नाही फोन केलात?" मी म्हणाले.

"आदी बगितला. तिचा चेहरा बगितला, मान बगितली. दंडावर डाग हायेत. मी इचारला तर बोलली, कवातरी लागला आसंल." त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. "रयवारी तिला मी भात वाढला."

"काय?"

"तुमी बोललाव ना, एकदम बंद करायचा नाय. मना बाकी काय ठावं? रोज खाती तेवडा वाढला. समोर बसलू. तिनी सगला खाल्ला."

माझ्याकडे एमएससी आहे, सेफ्टीचा डिप्लोमा आहे, वीस वर्षांचा अनुभव आहे. त्या क्षणी मला यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. मी फक्त त्यांना बसा म्हणाले. ते बसले नाहीत.

दुपारी बारापर्यंत लॅबने सांगितलं. तांदळावर तीच पावडर होती.

आता मी जे बोलले ते मी लपवणार नाही. मी दार लावलं आणि म्हणाले, "काका, ऐका. आत्ता आपण डॉक्टरकडे जाऊ. डॉक्टरला सांगायचं, गुडघ्यासाठी कुठल्यातरी वैद्याची पुडी घेत होती, पाच महिने. अशा केसेस त्यांच्याकडे रोज येतात. कुणी काही विचारणार नाही. औषधोपचार तोच होईल, काकूंचं काही कमी-जास्त होणार नाही. तांदूळ आपण गुपचूप पिवळ्या पोत्यात घालून पाठवून देऊ. तुमचे सात महिने राहिलेत. यावर चौकशी लागली तर एकतीस वर्षांवर पाणी पडेल."

वैद्याची पुडी सोडली तर यातला शब्द न् शब्द खरा होता, उपचार तोच झाला असता. फक्त सात महिने त्यांचे होते आणि गेटपासवर सही माझी होती, हे मी बोलले नाही. त्यांना ते कळलं असणार, पण माणूस सभ्य. त्यांनी ते काढलं नाही.

"आन दुसरा डरम?" ते म्हणाले.

मी दार नीट लागलंय का ते पुन्हा पाहिलं.

"बबनच्या घरात दुसरा हाय. त्याला काय सांगू, माजी बायको वैदाची पुडी खाते मनून तू डरम दे? आन चालनीवाल्यांनी आजून किती आसं पाटवलं, कुनाला ठावं? बिनलेबलचा आला मनून हे झायला, मॅडम. आता आजून खोटा लेबल लावू?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, इतका राग आला की मी पाणी प्यायले. एकतीस वर्षं लोकांना शिकवलं आणि एकदा स्वतः घसरले, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आणि आता वर मला शहाणपण शिकवतात. मग तो राग उतरला. त्याच्या खाली दुसरं काहीच नव्हतं, नुसती लाज होती. मी बबनला बोलावलं.

बबन उल्हासनगरला दोन खोल्यांत राहतो. मी त्याला घरी पाठवलं आणि फोन चालूच ठेवायला सांगितला. त्याच्या बायकोने ड्रममध्ये गोधड्या ठेवल्या होत्या. पाण्याला घेऊ म्हणत होती, पण तोंड फार रुंद म्हणून पोरं वाकतील आणि पडतील अशी तिला भीती. तो ड्रम पुढे तपासला, त्यात काहीच सापडलं नाही. गोधड्या धुवायला लावल्या म्हणून ती मात्र मला आजही नावं ठेवते. तिचं ऐकायला मला बरं वाटतं.

संध्याकाळी आम्ही बदलापूरला डॉक्टरांकडे गेलो. गोदूबाई नवी साडी नेसून आल्या होत्या, कंपनीतल्या मॅडमबरोबर कुठेतरी जायचं म्हणून. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. चेहरा अगदी माझ्या पडद्यावरचा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी तपासलं, साखर पाहिली, रक्त घेतलं, आणि विचारलं, "आजी, कुठल्या गोळ्या-पुड्या घेता?"

"कायच नाय," गोदूबाई म्हणाल्या. "मी औशीद घेतच नाय. मना आईनी बरी केली."

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. मी बुधाजींकडे पाहिलं. त्या खोलीत अजूनही दुसरा रस्ता होता. त्यांनी नुसतं मान खाली घालायचं होतं, बाकीचं मी बोलले असते.

"मी डरम आनला त्यात कंपनीची पावडर व्हती," बुधाजी म्हणाले. "लेबल नव्हता. तरी मी आनला. ती पाच म्हैने भातातून खातेय." आणि मग त्यांनी पावडरचं नाव सांगितलं, पूर्ण, एकही अक्षर न चुकता, जसं लेबलवर असतं तसं.

डॉक्टर लिहायचं थांबल्या. गोदूबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"मंजे आईनी नाय केला?"

"नाय," बुधाजी म्हणाले. "माज्या डरमानी केला."

"मी चरलू ना पन? कार्ल्याला?"

"चरलीस."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. डॉक्टरांनी त्यांना तो आतला कारखाना समजावून सांगितला, माझ्यापेक्षा चांगला. भात उद्यापासून बंद, आणि त्याऐवजी गोळ्या. गोळ्या त्याच औषधाच्या, फक्त मोजलेल्या. दर काही आठवड्यांनी थोड्या थोड्या कमी करत जायच्या. चिठ्ठी घेऊन बुधाजी खाली मेडिकलमध्ये गेले. पाकीट उजेडात धरून त्यांनी ते पुढून-मागून सगळं वाचलं, मुदत, मात्रा, बॅच नंबर. आमच्याच पावडरच्या गोळ्या असतील, नसतीलही.

दुसऱ्या दिवशी तो ड्रम यार्डात परत आला. पस्तीस किलोच्या आसपास तांदूळ उरला होता. यार्डातल्या एकाने सुचवलं, काका, कोंबड्यांना घाला. दुसरा म्हणाला, ओढ्यात सोडा, मासे खातील. बुधाजींनी दोघांना यार्डाबाहेर काढलं. त्यांनी पूर्ण पोशाख चढवला, मास्क, हातमोजे, वर दुसरे हातमोजे. तांदळावर पाणी शिंपडून तो आधी ओला केला, धूळ उडू नये म्हणून. मग पिवळ्या पोत्यात भरला. पोत्यात पोतं. ओढ्याकाठच्या खाचरातला, स्वतः लावलेला, स्वतः कापलेला तांदूळ. भरताना मूठभर खाली सांडला आणि त्यांचा बूट त्याच्यावर पडला. आपल्याकडे धान्याला पाय लागला की हात लावून कपाळाला लावतात. त्यांनी वाकून हातमोज्याने दाण्यांना हात लावला, हात कपाळाकडे नेला, आणि अर्ध्यावर थांबवला. मग ओल्या फडक्याने ते दाणे टिपून फडकंसुद्धा पोत्यात टाकलं. लेबल लिहिलं. मी बाजूला उभी होते. मला रडू आलं, पण माझ्याही तोंडाला मास्क होता.

ड्रमला त्यांनी तीन भोकं पाडली. ती त्यांनी पाडलेली शेवटची.

चौकशी झाली. चाळणी विभागात साफसफाईच्या वेळी मशीनमधली उरलेली पावडर त्या ड्रममध्ये काढली आणि नंतर दुसरीकडे ओतली, लेबल लावायला कुणी विसरलं. कोण विसरलं ते कंपनीला शेवटपर्यंत सापडलं नाही. ज्याने स्वतः येऊन सांगितलं तो मात्र लगेच सापडला. बुधाजींना यार्डावरून काढून बागेच्या कामाला लावलं. मला एक कडक पत्र मिळालं, ते मी फाइलला लावलंय. हात दाखवून अवलक्षण, असं बबन म्हणाला, पण यार्डात आता तोच ड्रिल घेऊन असतो आणि भोकं बुधाजींपेक्षा मोठी पाडतो. लेबल नसलेला ड्रम आता यार्डाच्या फाटकातून आत येत नाही. येतो तिथूनच परत जातो.

नोव्हेंबरात गोळ्या पूर्ण बंद झाल्या. डिसेंबरात बुधाजी निवृत्त झाले. निरोपाला चारपाच जण होते. जानेवारीत मी त्यांच्या घरी गेले, खरं तर गोदूबाईंना बघायला. चेहऱ्याची सूज उतरली होती, डाग गेले होते, साखर ताब्यात होती. आणि गुडघे पुन्हा पहिल्यासारखे, कदाचित जास्तच. मला आत घ्यायला त्या उठल्या, तेव्हा एक हात भिंतीला होता आणि एक गुडघ्याला.

"बस गो बाय," त्या म्हणाल्या. "तू ती पावडर शिकवतेस ना सगल्यांना? तिनी काय काय व्हतं ते?"

"हो."

"त्यात लिवलाय का, मी आईच्या पायऱ्या चरलू ते?"

मी नाही म्हणाले.

"आसू दे," त्या म्हणाल्या. "पन ते चार म्हैने माजे बरे गेले."

बुधाजी चहा घेऊन आले. त्यांनीच केला होता. मी कप घ्यायला वळले तेव्हा कोपऱ्यात तो जुना पत्र्याचा डबा दिसला, तांदळाचा. आता तो जमिनीवर नव्हता. खाली विटा रचल्या होत्या, दोन थरांत, वर एक फळी, आणि डब्याचं तोंड बरोबर गोदूबाईंच्या कमरेच्या उंचीला आलं होतं. वाकायची गरज नव्हती. मी पाहतेय हे बुधाजींनी पाहिलं.

"आट इटा लागल्या," ते म्हणाले. "मागच्या पडवीत पडल्या व्हत्या, कवाच्या."